नववा अवतार, रिकामे रकाने आणि एक मुंज: प्रज्ञावंत मुलांना जगातले धर्म शिकवताना

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका संस्थेत रविवारी सकाळी पाचवी ते सातवीच्या निवडक मुलांचा वर्ग भरतो. ही मुलं चाचणी आणि मुलाखत घेऊन निवडलेली असतात. शाळेचं पुस्तक जूनमध्येच वाचून संपवायचं आणि उरलेलं वर्ष बाकावर कंटाळत काढायचं, हा त्यांचा शिरस्ता. इथे त्यांना एकेक विषय तीन-चार महिने पुरवून दिला जातो. आधी संकेतलिपी झाली होती, मुळा-मुठेचा अभ्यास झाला होता. ‘जगातले धर्म’ हा विषय मात्र मुलांनीच मागितला. इतिहासाच्या एका सत्रात युरोपातल्या धर्मयुद्धांचा ओझरता उल्लेख झाला आणि ‘पण भांडण नक्की कशावरून होतं?’ या प्रश्नाने उरलेला वेळ खाल्ला.

वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेला मुलं ताई म्हणतात. इथेही तेच ठेवतो. ती इतिहास शिकलेली आहे, संस्कृत बऱ्यापैकी येतं आणि अशा मुलांबरोबर काम करायची तिला चांगली सवय आहे. मी संस्थेच्या अभ्यासक्रम समितीत आहे. काही सत्रांना मागे बसून होतो, बाकीची माहिती ताईच्या नोंदवहीतून आणि पालकांशी झालेल्या बोलण्यातून घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वर्गात सोळा मुलं होती. बहुतेक मराठी हिंदू घरातली, दोन जैन, एक रोमन कॅथलिक मुलगा आणि एक बौद्ध मुलगी. एकही मुस्लिम मूल नव्हतं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या साडेअकरा टक्के आहे, म्हणजे सोळांत एक-दोन तरी असायला हवी होती. आमच्या चाचणीची जाहिरात कुठल्या शाळांपर्यंत पोचते, याचं उत्तर त्यातच आहे. विषय सुरू होईपर्यंत ही गोष्ट समितीत कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

आणखी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. कॅथलिक मुलगा कायम उशिरा यायचा. वेळ पाळत नाही म्हणून त्याच्या नावापुढे वर्षभर शेरे होते. रविवारी सकाळी तो चर्चमध्ये मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, जातो, हे समितीला या विषयाच्या निमित्ताने कळलं.

मूळ आराखडा

आराखडा साधा होता. आठ धर्म, प्रत्येकाला एक रविवार. पहिल्या अर्ध्यात ताई माहिती देणार, दुसऱ्या अर्ध्यात शक्य झालं तर त्या धर्माचा एखादा पाहुणा येणार. मधूनमधून भेटी: कॅम्पातला गुरुद्वारा, लाल देऊळ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पारशांची अग्यारी, शेवटी कार्ल्याची लेणी.

समितीत एका सदस्यांनी पहिल्याच बैठकीत हरकत घेतली: धर्म शिकवायला कायद्याने परवानगी आहे का? प्रश्न रास्त होता. राज्यघटनेचं २८ वं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देऊ देत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय अशा शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही. पण अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्माची दीक्षा देणारं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला आणि दुसऱ्याला घटनेची आडकाठी नाही असं म्हटलं. आमचा वर्ग खासगी, ऐच्छिक आणि शाळेबाहेरचा, त्यामुळे कायद्याचा प्रश्न तिथेच मिटला. मात्र हा फरक शिकवताना कसा पाळायचा, यावर बैठकीत कुणी बोललं नाही. पुढच्या सगळ्या अडचणी तिथून आल्या.

अडचण: तक्ता

पहिले दोन रविवार छान गेले. तिसऱ्या रविवारी सहावीतला एक मुलगा (त्याला ‘अ’ म्हणू) घरून एक तक्ता छापून घेऊन आला. आडवे आठ धर्म, उभे रकाने: संस्थापक, काळ, ग्रंथ, देव किती, मेल्यावर काय, आणि शेवटी ‘विसंगती’. प्रत्येक रकान्याला गुण आणि पन्नासपैकी बेरीज. बौद्ध धर्म पहिला आला होता, ‘कारण सगळ्यात कमी गोष्टी गृहीत धराव्या लागतात’. त्याच्या स्वतःच्या घरचा हिंदू धर्म खालून दुसरा. संस्थापक नाही, त्याचे शून्य. ग्रंथ कोणता ते ठरत नाही, त्याचे दोन. देव किती यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

त्यात खोडसाळपणा नव्हता. त्याने तीन आठवडे वाचन केलं होतं. दुचाकी घेताना बाबांनी असाच तक्ता केला होता, असं त्याने सरळ सांगितलं. बाकीची मुलं तक्त्याभोवती जमली आणि गुणांवरून हुज्जत सुरू झाली. जैन मुलाला ‘देव किती’ यात मिळालेले गुण मान्य नव्हते. कॅथलिक मुलगा ‘त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) म्हणजे तीन देव नव्हेत’ हे पुन्हा पुन्हा सांगत होता आणि ‘अ’ शांतपणे विचारत होता, ‘मग तीन का मोजतात?’

प्रज्ञावंत मुलांचा हा नेहमीचा धोका आहे. माहिती भराभर गोळा होते, तिची मांडणी करायचा हात पक्का असतो आणि विसंगती दिसली की ती पकडल्याशिवाय राहवत नाही. गणितात हा गुण. समोर बसलेल्या मित्राच्या आजीच्या श्रद्धेला तोच हिसका बसला की मात्र गडबड होते. शिवाय या मुलांची बुद्धी आणि भावना एका वयाच्या नसतात. अकरा वर्षांचं मूल युक्तिवाद सोळाव्या वर्षाचा करतं आणि हरलं की नऊ वर्षांच्या मुलासारखं रडतं.

अडचण: नववा अवतार

त्याच सकाळी, तक्त्यावरच्या वादात, एक मुलगी म्हणाली की बौद्ध धर्माला वेगळा रकाना हवाच कशाला, बुद्ध तर विष्णूचा नववा अवतार. तिच्या घरच्या देवघरात दशावताराचं चित्र आहे, त्यात तो आहे.

बौद्ध मुलगी (तिला ‘स’ म्हणू) तोवर गप्प होती. ती उठून उभी राहिली आणि बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञा तिने म्हणून दाखवली: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, तो खोटा प्रचार आहे. आवाज चढलेला, हाताची मूठ वळलेली. ‘ज्याच्या-त्याच्या घरी चित्र असेल म्हणून ते खरं होत नाही,’ असंही ती म्हणाली.

वर्ग एकदम शांत झाला. देवघरवाल्या मुलीचे डोळे भरून आले. तिला काय चुकलं हेच कळलं नव्हतं.

हा पहिला निर्णयबिंदू. ताईकडे काही सेकंद होते. विषय बदलता आला असता. ‘दोघींचंही बरोबर आहे’ म्हणून मिटवता आलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं. दोन्ही म्हणणी एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, आणि ही मुलं ते लगेच पकडतात. ‘स’च्या बाजूने निकाल देता आला असता, आणि सत्याच्या दृष्टीने तो गैर ठरला नसता, पण मग पुढचे सगळे निकाल ताईनेच द्यायचे, असा पायंडा पडला असता.

तिने फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कोण म्हणतं? केव्हापासून म्हणतं? ज्याच्याबद्दल म्हणतं, त्याला ते कसं लागतं?

मग तिला जे ठाऊक होतं ते तिने मांडलं. भागवत पुराणाच्या अवतारांच्या यादीत बुद्ध येतो. पण देवांच्या शत्रूंना भुलवण्यासाठी येतो, म्हणजे ते कौतुक नव्हे. बाराव्या शतकात ‘गीतगोविंद’ लिहिणारा कवी जयदेव त्याच अवताराला वंदन करतो आणि यज्ञातल्या पशुहत्येची निंदा करणारा दयाळू म्हणून त्याचा गौरव करतो. महाराष्ट्रातल्या काही जुन्या दशावतारांत तर नवव्या जागी विठ्ठल दिसतो. आणि १९५६ साली लाखो माणसं म्हणतात की आमच्या बुद्धाला तुमच्या यादीत घालू नका, कारण त्या यादीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुठे होतो ते आम्हाला माहीत आहे. २०११ च्या मोजणीत देशातल्या चौऱ्याऐंशी लाख बौद्धांपैकी पासष्ट लाख एकट्या महाराष्ट्रात होते. ‘स’चे आजी-आजोबा त्यांतले, हे ताईने मुद्दाम म्हटलं नाही.

देवघरवाली मुलगी म्हणाली, ‘मग चित्र काढून टाकायचं का?’ ताई म्हणाली, ‘ते तुझ्या आजीचं देवघर आहे. मी इतकंच सांगते की ते चित्र पाहून ‘स’च्या आजीला काय वाटेल, ते आता तुला माहीत आहे.’

माझ्या मते या पूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात चांगला क्षण. पण संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो वेगळ्याच रूपात पोचला होता. एका घरी निरोप गेला की वर्गात देवांची चित्रं काढून टाकायला सांगतात. दुसऱ्या घरी गेला की ‘स’ला सगळ्यांसमोर उभं करून तिचा धर्म विचारला. ‘स’चे वडील दुसऱ्या दिवशी भेटायला आले. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. ‘शाळेत हे होतंच. इथे तरी होणार नाही असं वाटलं होतं,’ एवढंच म्हणाले.

समोर असलेले पर्याय

समितीची तातडीची बैठक झाली. चार पर्याय पुढे आले.

विषय बंद करावा, हा पहिला. दोन सदस्यांचा त्याकडे कल होता. याला ताईचा विरोध होता, आणि तिचा मुद्दा मला पटला. भांडण झाल्यावर विषय गुंडाळला तर मुलं एवढंच शिकतील की धर्मावर बोलायचं नसतं. ती बोलणं थांबवणार नाहीतच. ते फक्त यूट्यूबवर आणि आमच्या पाठीमागे होईल.

दुसरा पर्याय नेहमीचा: सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, तेवढं शिकवावं, सणांचे पदार्थ आणावेत, प्रार्थना म्हणावी. हा पर्याय ज्यांनी मांडला त्यांच्या मनात सद्भावच होता. पण ताईने सांगितलं की आंधळे आणि हत्तीची गोष्ट तिने दुसऱ्या रविवारीच सांगून पाहिली होती. ही गोष्ट बौद्धांच्या ‘उदान’ या ग्रंथात आहे, जैनांकडेही सांगतात. गोष्ट संपताच पाचवीतल्या सगळ्यांत लहान मुलाने विचारलं, ‘पण सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसतोय ना? म्हणजे तो स्वतःला सगळ्यांपेक्षा शहाणा समजतो.’ सामान्य वर्गात चालून जाणारं सोपं उत्तर या मुलांपुढे मिनिटभर टिकत नाही, आणि एकदा ते पडलं की शिक्षकावरचा विश्वासही पडतो.

तिसरा पर्याय: प्रत्येक धर्माचा अधिकारी माणूस बोलवावा आणि त्यालाच बोलू द्यावं. वरकरणी निःपक्षपाती. पण मग आठ प्रवचनं होणार, आणि प्रत्येक धर्मातला एकच आवाज ऐकू येणार. बौद्धांमध्ये थेरवादी (जुन्या पाली परंपरेचे) आणि आंबेडकरी यांची मांडणी एक नाही, ख्रिश्चनांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट नाहीत. कुणाला बोलावतो, यातच निकाल लागून जातो.

चौथा पर्याय म्हणजे विषय चालू ठेवायचा, पण पद्धत बदलायची. बराच वाद होऊन, एका मताच्या फरकाने हा मंजूर झाला.

काय केलं

पहिला बदल साधा, पण महत्त्वाचा. कुठल्याही मुलाला त्याच्या धर्माचा प्रतिनिधी करायचं नाही. ‘तुमच्यात काय असतं?’ हा प्रश्न वर्गातून हद्दपार. मुलाला स्वतःहून बोलायचं असेल तर बोलावं, आणि तेही ‘आमच्या घरी’ असं म्हणून.

दुसरा बदल: आधी त्यांच्या तोंडून, मग प्रश्न. कॅनडाचे धर्म-अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी एक कसोटी मांडली होती: एखाद्या श्रद्धेबद्दल तुम्ही जे म्हणता, ते ती पाळणाऱ्याला आपलं म्हणून ओळखता आलं पाहिजे. ताईने ती वर्गात आणली. मुलांनी आधी दहा ओळी लिहायच्या, मग पाहुण्याने त्या वाचून लाल पेनाने दुरुस्त करायच्या.

इस्लामच्या सत्राला एक निवृत्त मुस्लिम शिक्षक आले होते. त्यांनी सोळा कागद घेतले, चष्मा पुसला आणि प्रत्येक ओळ वाचली. ‘मुसलमान महंमदांची पूजा करतात’ हे वाक्य पाच कागदांवर होतं. पाचही ठिकाणी काट मारून त्यांनी वर लिहिलं, ‘पूजा फक्त अल्लाहची. पैगंबर माणूस.’ सगळ्यात जास्त लाल खुणा ‘अ’च्या कागदावर होत्या. त्याचं वाचन सर्वाधिक होतं आणि जिथे माहिती नव्हती तिथे त्याने तर्काने भर घातली होती. ख्रिस्ती लोक ख्रिस्ताची उपासना करतात, म्हणून मुसलमान महंमदांची करत असणार. तर्क सुसंगत आणि निष्कर्ष चूक. हुशार मुलांच्या चुका अशाच असतात, आणि गुळगुळीत भाषेमुळे त्या शिक्षकाच्याही नजरेतून सुटतात. त्याच सरांनी जाता जाता सांगितलं की कुराणातला एकोणिसावा अध्याय मरियमच्या नावाचा आहे आणि कुराणात नावाने उल्लेख झालेली स्त्री ती एकच. कॅथलिक मुलगा त्या दिवशी घरी जाईपर्यंत त्यांच्या मागे-मागे होता.

‘अ’ने अर्थात आक्षेप घेतला: ‘म्हणजे कुणाच्या धर्मातलं चुकीचं कधीच बोलायचं नाही?’ ताईचं उत्तर होतं की बोलायचं, पण दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत पाहुणा ‘हो, आम्ही असंच म्हणतो’ म्हणेल इथवर पोचल्याशिवाय दुसरीत जाता येणार नाही. नियम म्हणून सांगितल्यावर त्याला पटलं. या मुलांना उपदेश चालत नाही. खेळाचा नियम चालतो.

तिसरा बदल मला सगळ्यात आवडतो. तक्ता फाडला नाही. तो भिंतीवर मोठा करून लावला आणि प्रत्येक पाहुण्याला विचारलं की यातला कुठला रकाना तुम्हाला महत्त्वाचा वाटतो, कुठला निरुपयोगी, आणि कुठला राहिला?

बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातले एक काका आले. अस्खलित मराठी, मूळचे अलिबागकडचे. त्यांचे पूर्वज तेल गाळायचे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे ऐकून मुलं चकित झाली. येताना ते मलिद्याचं ताट घेऊन आले: पोहे, खोबरं, साखर, फळं. ‘हा तर प्रसाद!’ म्हणून मुलं तुटून पडणार तोच त्यांनी थांबवलं, आधी आशीर्वचन म्हटलं आणि मग वाटलं. तक्त्यासमोर उभं राहून त्यांनी ‘मेल्यावर काय’ या रकान्यावर बोट ठेवलं. ‘आमच्या घरी यावर कुणी फारसं बोलत नाही. शनिवारी काय करता, काय खाता, ते विचारा.’

जैन मुलगा घरून वेगळीच बातमी घेऊन आला. ताईने जैनांची सप्तभंगी शिकवली होती. एखादी गोष्ट एका अपेक्षेने आहे, दुसऱ्या अपेक्षेने नाही, तिसरीने सांगता येत नाही, असे सात प्रकार. मुलांना ती इतकी आवडली होती की डबा खाताना ‘स्यात् पोळी’ (स्यात् म्हणजे ‘एका अपेक्षेने’) चालू होतं. हा म्हणाला, ‘आमच्या घरी सप्तभंगी कुणालाच माहीत नाही. पण पर्युषणात काय खायचं नाही, ते माझ्या चार वर्षांच्या बहिणीलापण माहीत आहे.’

तक्त्यात ‘काय करतात’ हा रकाना आला. मग ताईने जपानचं उदाहरण दिलं. तिथल्या सरकारी आकडेवारीत शिंतो आणि बौद्ध अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो. शिंतोला ना संस्थापक, ना एक ग्रंथ. ‘अ’ने त्याचा वर्तुळालेख काढायचा प्रयत्न केला आणि तो शंभर टक्क्यांच्या बाहेर गेल्यावर बराच वेळ कागदाकडे बघत बसला. आपले रकाने एका विशिष्ट प्रकारच्या धर्मावर बेतलेले होते, हे त्याने पुढच्या रविवारी स्वतःहून सांगितलं. बेरजेचा रकाना त्यानेच खोडला.

कार्ल्याला सगळी गेली. चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी (म्हणजे ग्रीकांनी) दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत, आणि चैत्याच्या तोंडाशीच कोळ्यांची एकवीरा. त्या दिवशी देवीला गर्दी होती, ढोल वाजत होता. ‘स’ने चैत्यातल्या स्तूपासमोर हात जोडले, तिथून दहा पावलांवर देवघरवाल्या मुलीने देवीला नारळ दिला. दोघी बसमध्ये शेजारी बसल्या होत्या का, हे मला एका पालकाने विचारलं. नव्हत्या बसल्या. भांडल्याही नाहीत.

मुंजीचं प्रकरण

यापुढचा भाग मात्र सुरळीत गेला नाही.

अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. ताईने तरीही मुलांना तिथवर नेलं. जे आतून बघता येणार नाही त्याचा अभ्यास कसा करायचा, हेही शिकायला हवं, असं तिचं म्हणणं. एक पारशी बाई बाहेर येऊन मुलांशी बोलल्या. नवजोत हा पारशी मुलांचा दीक्षाविधी कसा होतो, सदरा (आतला पांढरा अंगरखा) आणि कुस्ती (पवित्र धागा) म्हणजे काय, कमरेभोवती कुस्ती कशी बांधतात, हे त्यांनी सांगितलं. ‘माझी सात वर्षांची असताना झाली,’ त्या म्हणाल्या.

पाचवीतल्या एका मुलाचे कान टवकारले. त्याची मुंज दिवाळीनंतर ठरली होती. घरी जाऊन त्याने विचारलं: पारशांत मुलींना धागा मिळतो, मग आपल्याकडे माझ्या मोठ्या बहिणीची मुंज का नाही केली? मग पुढचे प्रश्न. फक्त काही जातींनाच का? मी हो म्हटलेलं नसताना तारीख कशी ठरली? आठवडाभरात त्याने जाहीर केलं की तो मुंजीला बसणार नाही. कार्यालय ठरलेलं, केटररला ॲडव्हान्स गेलेला, नागपूरच्या आत्याचं तिकीट काढलेलं.

आई-वडील ताईकडे आले. आई म्हणाली, ‘तुम्हीच त्याला समजवा, तुमचं ऐकतो.’ वडिलांचं म्हणणं उलट होतं: हे सगळं तुमच्यामुळे झालं, आता निदान गप्प राहा.

हा दुसरा मोठा निर्णयबिंदू. पुण्यात मुलींची मुंज आता नवलाची राहिलेली नाही. ताईला स्वतःला मुलाचे प्रश्न रास्त वाटत होते. पण दहा वर्षांच्या मुलाच्या घरात शिक्षिकेच्या मताचं वजन किती असावं? ती मुलाच्या बाजूने बोलली असती तर एका कुटुंबाच्या निर्णयात परक्याचा हात गेला असता. आई-वडिलांच्या बाजूने बोलली असती तर वर्गात शिकवलेलं सगळं खोटं पडलं असतं. तिने दोन्ही नाकारलं आणि मुलाला वर्गातलाच नियम लावला: आधी आजोबांच्या तोंडून. त्यांच्या मुंजीत काय झालं, त्यांना ती का महत्त्वाची वाटते, ते मध्ये न बोलता लिहून आण. मग तुझे प्रश्न.

त्याने चार पानं लिहून आणली. आजोबांची मुंज एका सामुदायिक समारंभात झाली होती, कारण घरात पैसे नव्हते. त्यानंतर लगेच त्यांना शिकायला काकांकडे पाठवलं, आणि आई पुन्हा दिसली ती वर्षाने. मुलाला हे काहीच माहीत नव्हतं. त्याचे आक्षेप त्यामुळे कमी झाले नाहीत. पण तो आजोबांशी भांडायचा थांबला आणि फक्त वडिलांशी भांडू लागला.

मुंज झाली. तो बसला, पण राजी होऊन नव्हे. आजी रडली म्हणून. दुसऱ्या आठवड्यात वडिलांनी त्याला वर्गातून काढून घेतलं. शेवटचे तीन रविवार तो आला नाही.

निष्पत्ती

बाकीच्या पंधरा मुलांनी विषय पूर्ण केला. शेवटी प्रत्येकाने आपला नसलेला एक धर्म निवडून त्यातली एक समजूत ‘त्यांच्या तोंडून’ मांडली आणि पाहुण्यांकडून तपासून घेतली. देवघरवाल्या मुलीने बावीस प्रतिज्ञा निवडल्या. ‘स’च्या वडिलांनी त्या कागदावर दोन दुरुस्त्या केल्या आणि सही केली. ‘स’ने गिरनारचा अशोकाचा बारावा शिलालेख घेतला: आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो. त्यावर तिने खाली एक ओळ जोडली होती, ‘पण आधी कुणाची निंदा झाली, तेही बघावं लागतं.’ ताईने ती तशीच ठेवली.

दोन पालकांनी पुढच्या वर्षी नाव घातलं नाही. कारण विचारलं तेव्हा दोघांनीही ‘वेळ जमत नाही’ असं सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

आराखडा धर्मांच्या नावांनी न करता प्रश्नांनी केला असता तर तक्ता कदाचित झालाच नसता. मोठं होताना काय करतात, मृत्यूनंतर घरात काय होतं, काय खात नाहीत आणि का, दिवस आणि आठवडे कसे मोजतात: अशा एकेका प्रश्नाखाली तीन-चार परंपरा. आठ नावं ओळीने ठेवली की गुण द्यावेसे वाटणारच.

पालकांशी बोलणं विषयाआधी व्हायला हवं होतं. वादळानंतर दर रविवारी संध्याकाळी घरी एक छोटं पत्र जायला लागलं: आज काय बोललो, मूल घरी काय विचारेल, तुम्ही काय विचारू शकता. तेच पहिल्या रविवारपासून गेलं असतं तर व्हॉट्सॲपवरचा निरोप इतका बदलून पोचला नसता. वयात येण्याचे संस्कार हा भाग घेण्याआधी, येत्या वर्षात कुणाच्या घरी मुंज, नवजोत किंवा कॅथलिक मुलांचा पहिला कम्युनियन विधी आहे का, हे विचारून घेणं अवघड नव्हतं. विचारलं असतं तर तो भाग गाळावा, असं मी म्हणणार नाही. त्या एका घराशी आधी बोलून घेतलं असतं.

पाहुण्यांत स्त्रिया दोनच होत्या. घरातला धर्म बहुतेक ठिकाणी बायका चालवतात, आणि आम्ही पुरुषांना ग्रंथांबद्दल विचारत बसलो.

निवडचाचणीची माहिती पुढच्या वर्षीपासून उर्दू माध्यमाच्या आणि महापालिकेच्या शाळांतही द्यायची, असं ठरलं आहे. वर्गाची वेळ बदलण्याचा ठराव एकमताने झाला. कुठली वेळ, यावर अजून चर्चा चालू आहे. पाचवीच्या मुलांना हा विषय द्यावा की सातवीपर्यंत थांबावं, यावर समिती सरळ दोन भागांत विभागलेली आहे. ताई पाचवीच्या बाजूने आहे. मी सध्या सहावी म्हणतो.